‘कळवतो’ म्हणाले, आणि मग फोनच नाही

“सगळे राउंड झाले, सगळे हसून बोलले, ‘कळवतो’ म्हणाले आणि मग फोनच नाही. मॅडम, माझं नक्की चुकलं कुठे?” समुपदेशनाला येणाऱ्या नोकरदारांकडून हल्ली हे वारंवार ऐकते. त्यातल्याच एकाची, निखिलची, ही गोष्ट. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

निखिल ३३ वर्षांचा, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. रांजणगावच्या एका मोठ्या कंपनीत त्याने अर्ज केला. आधी एचआरचा फोन, मग ऑनलाइन टेक्निकल राउंड, मग प्लांटवर पॅनेल. त्या दिवशी गेटवरच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये ताटकळल्यावर कळलं, ज्यांनी बोलावलं ते साहेब बाहेरगावी. पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ दोनदा मागवले. शेवटचा मॅनेजमेंट राउंड ठरायचा आणि ऐन सकाळी पुढे ढकलला जायचा. दर वेळी रजा हवी, म्हणून निखिलचे मामा आजारी पडायचे. “मामा ठणठणीत आहेत, पण आमचे साहेब आता रोज त्यांची तब्येत विचारतात,” हे सांगताना तो त्या दिवसातलं एकदाच हसला. मग एचआरमधली नवीनच बाई फोनवर आली. “करंट सीटीसी किती? नोटीस पिरियड किती?” म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. त्यानंतर सगळं शांत.

माझ्यासमोर बसला तोही मोबाइल मांडीवर उताणा ठेवून. अनोळखी नंबर दिसला की वाक्य अर्ध्यावर टाकून उचलायचा. एकदा क्रेडिट कार्डवाले निघाले, एकदा एनए प्लॉटवाले. रात्री दोन-तीनला जाग यायची आणि पॅनेलला दिलेलं एकेक उत्तर तो पुन्हा उकरत बसायचा. वडील एसटीतून निवृत्त झालेले, त्यांचं म्हणणं, “तूच नीट बोलला नसशील.” शेवटी निखिलने स्वतःच निकाल लावला : आपलं इंग्रजी कच्चं, आपण चाकणच्या पुढे जायच्या लायकीचेच नाही.

नकारापेक्षा हे लटकणं जास्त पोखरतं, आणि ते मनाचा कमकुवतपणा म्हणून नव्हे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना कॉम्प्युटरवर दगडाखाली साप आहे का, हे ओळखायचं होतं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण कमी होता. बसण्या-न बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सर्वांत जास्त होता. निखिल महिनोन्‌महिने त्या निम्म्यावर बसून होता.

माझ्याकडे एचआरची माणसंही येतात, तीही पिचलेलीच. त्यांच्याकडून आतला कारभार कळतो. जागा भरायला मंजुरी मिळते, मुलाखती सुरू होतात आणि वरून ‘होल्ड’ येतो. कधी ऑर्डर लांबते, कधी आतलाच माणूस सरकवायचा ठरतं, कधी फाइल सांभाळणाराच राजीनामा देतो. ‘होल्ड’चा अर्थ उमेदवाराला काय सांगायचा, हे कुणीच ठरवलेलं नसतं, म्हणून कुणीच काही सांगत नाही. दोन ओळींची मेल टाकायला काय जातं, हा माझा राग मात्र कायम आहे.

निखिलला मी कागदाची मधोमध घडी घालायला सांगितली. डावीकडे जे घडलं तेवढंच, उजवीकडे त्यावरून त्याने काढलेला अर्थ. डावीकडे ‘राउंड पुढे ढकलला’, उजवीकडे ‘मी आवडलो नाही’. डावीकडे ‘गेटवर नाव नव्हतं’, उजवीकडे... तिथे पेन थांबलं. “यात माझा काय संबंध?” तो स्वतःच म्हणाला. इंग्रजीबद्दल डावीकडे लिहायला त्याच्याकडे एकही वाक्य नव्हतं; पॅनेलमधल्या कुणी तसं म्हटलंच नव्हतं.

‘सगळा दोष कंपनीचाच’ असं म्हणून मी त्याला घरी पाठवलं नाही. आपल्यातही उणिवा असतात. फक्त त्या कुणीतरी बोलून दाखवलेल्या प्रतिक्रियेवरून शोधाव्यात. कुणाच्या गप्प बसण्यातून त्या कळत नाहीत.

मग आम्ही व्यवहाराचं बोललो. त्याने एक मेल पाठवली : या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर माझ्याकडून हा विषय संपला असं समजतो. दुसरं, पूर्वी एचआरने तोंडी ‘जवळपास फायनल आहे’ म्हटल्यावर तो राजीनामा टाइप करून बसला होता. बायकोने अडवलं म्हणून वाचला. पगार आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत हातची नोकरी सोडायची नाही, हे मी प्रत्येकाला सांगते.

तारीख उलटली, उत्तर आलं नाही. त्याने दुसरीकडे अर्ज सुरू केले. आणि बऱ्याच दिवसांनी रांजणगावहून फोन आला, “उद्या फायनल राउंडला याल का?” निखिलने विचारलं, मुलाखत कोण घेणार आणि पद तेच आहे का, मेलवर कळवाल का? “कळवतो,” पलीकडून उत्तर आलं. तो गेला नाही. मामांची रजाही वाचली.

मध्यंतरी त्याचा मला मेसेज आला : ‘मॅडम, एका कंपनीने चार दिवसांत नकार दिला!’ त्यांचे ग्राहक जर्मन, त्यांना व्हीडीए ६.३ (जर्मन वाहन उद्योगाचं गुणवत्ता-मानक) च्या प्रोसेस ऑडिटचा अनुभव हवा होता आणि तसं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. खाली निखिलने त्याच ऑडिटच्या ट्रेनिंगसाठी भरलेल्या फीची पावती जोडली होती.