हिमालयनवर एकट्याने दिवसभर: किलोमीटर नंतर, आधी गाडी उचलून बघा

म्हापशाहून रॉयल एनफिल्डची नवी मोटारसायकल, हिमालयन ४५०, घेऊन एकट्याने दिवसभर आतला गोवा फिरायचा, तर किती किलोमीटर धरावेत, आणि घरचे 'एकटा नको' म्हणतात त्यांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय. जा, जरूर जा. पण ही १९६ किलोची गाडी आडवी पडली तर एकट्याने उभी करता येते का, ते आधी अंगणात जुनी गादी टाकून करून बघा.

हे मी सत्तरी तालुक्यात शिकलो. काजूच्या बागेतली उतरण होती, कोरडे दिवस, वेग वीसच्या आत. वाटेवर जांभ्याचे वाटाण्याएवढे गोल खडे पसरलेले, चाकाखाली अगदी गोट्यांसारखे फिरतात. पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला आणि गाडी उजवीकडे आडवी. मला खरचटलंही नाही, पण हँडल धरून समोरून ओढत राहिलो आणि कंबर धरली. काजू वेचणारे एक आजोबा आले, "लागलें काय रे?" विचारलं आणि मागून हात दिला, म्हणून सुटलो. पुढच्या वळणावर कोणी भेटेलच असं नाही.

नीट पद्धत अशी. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, म्हणजे घरंगळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. सीटला पाठ टेकून उकिडवे बसा, एका हातात खालची मूठ, दुसऱ्या हातात मागचा दांडा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर हळूहळू मागे सरका. ताकद मांड्यांची लागते, दंडांची नाही. सामान बांधलेलं असेल तर आधी सोडा.

हे जमलं की रस्ता सांगतो. म्हापसा, डिचोली, साखळी करत वाळपई. तिथे भाजीपाव खा, टाकी भरा. मग उसगाव, धारबांदोडा, मोले, आणि तिथून आत तांबडी सुर्ल. परत येताना फोंडा, बाणस्तारी, पणजी. पावणेदोनशेच्या आसपास होतं, दिवसाला भरपूर झालं. उसगाव-धारबांदोडा पट्ट्यात खनिजाचे ट्रक चालू असतील तर त्यांच्या मागे चिकटू नका. लाल धुळीवर पहिला पाऊस पडला की तिचा साबण होतो, म्हणून पावसाची सुरुवात टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

तांबडी सुर्लला घाई करू नका. कदंब राजांच्या काळातलं हे महादेवाचं देऊळ काळ्या बेसॉल्टचं आहे. दिवसभर जांभ्याची लाल माती बघून आल्यावर तो काळा दगड जास्तच उठून दिसतो. मंडपातल्या एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला तुडवतोय, तो शोधा. मग बूट काढून बाजूच्या नदीत पाय सोडून बसा. एकट्याने येण्याचं सुख मला इथेच कळतं. 'चल, निघूया' म्हणणारं कोणी नसतं.

निघायचं मात्र ३ वाजता. आजूबाजूला भगवान महावीर अभयारण्य आहे, २४० चौरस किलोमीटर. तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. वळणावर गवा दिसला तर हॉर्न नको, दिवा भगभगवू नका, लांब थांबून त्याला जाऊ द्या.

आत कच्ची वाट खुणावेल. पायी परत येण्याची तयारी असेल तेवढंच आत शिरा.

घरच्यांना समजावत बसू नका. कुठल्या रस्त्याने जाणार ते कागदावर लिहून द्या. आत जंगलात रेंजचा भरवसा नाही, म्हणून मोलेहून आत शिरताना एक फोन करा आणि परत मोलेला आलात की दुसरा. दुसऱ्याची वेळ आधीच ठरवा, ४ म्हणा. माझ्या घरी यावरच तडजोड झाली.