अणुबॉम्बवरचं साहित्य शिकवायचंय, मग भौतिकशास्त्र सोडू का?

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऐच्छिक विषय म्हणून साहित्य घेतलं होतं. त्यात ‘अण्वस्त्रं आणि माणसाचं भवितव्य’ या सूत्रावर सत्रभर वाचन झालं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. मलाही पुढे वर्गात हेच शिकवायचं आहे. बाबा म्हणतात, गोष्टी वाचून बॉम्ब थांबत नाहीत, हे खूळ सोड. भौतिकशास्त्र सोडून साहित्याकडे वळू का? आणि यात नोकरी तरी आहे का?

उत्तर : नोकरीचं आधी सांगते. अण्वस्त्रांवरच्या साहित्याचा प्राध्यापक हवा, अशी जाहिरात तुला जवळपास कुठेच दिसणार नाही. नेमणूक होते ती साहित्याच्या शिक्षकाची. त्याच्या वाट्याला ठरलेला अभ्यासक्रम येतो, जुनी कविता येते, निबंध येतात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. तुझा विषय बसतो तो या सगळ्यातून उरलेल्या जागेत, वर्षाकाठी फार तर एखाद्या सत्रात. म्हणून आधी स्वतःला विचार, की बाकीचं वर्ष तुला चालेल का? एखादं पुस्तक वाचून झपाटून जाणं सोपं असतं. तेच पुस्तक दरवर्षी नव्या, अर्धवट झोपेतल्या वर्गापुढे उभं करणं हे काम आहे.

आता भौतिकशास्त्र. सोडू नकोस, पदवी पूर्ण कर. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये वगैरे धाक मी घालत नाही. ती पदवी तुझ्या याच विषयात कामाला येणार आहे, म्हणून सांगते.

नेव्हिल शूट यांची ‘ऑन द बीच’ ही १९५७ ची कादंबरी घे. उत्तर गोलार्धात युद्ध होऊन गेलंय आणि ऑस्ट्रेलियातली माणसं वाऱ्यांबरोबर दक्षिणेकडे सरकत येणाऱ्या किरणोत्सर्गाची वाट बघत जगतायत. वर्ग सुन्न होतो आणि मग कुणीतरी हात वर करून विचारतंच, ‘असं खरंच होऊ शकतं?’ केवळ साहित्य शिकलेला शिक्षक इथे बहुधा गुळमुळीत बोलतो. तू फळ्याकडे वळू शकतेस. स्फोटातून पडणाऱ्या धुळीचा किरणोत्सर्ग, वेळ सातपट झाली की साधारण एक दशांशावर उतरतो. म्हणजे पहिल्या तासानंतर जितका असेल, त्याचा सात तासांनी दहावा आणि दोन दिवसांनी शंभरावा भाग उरतो. एवढ्यावर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा शेवटचा माणूस मारणं लेखकाला जड गेलं असतं. कादंबरीत कोबाल्टचे बॉम्ब का येतात, ते इथे मुलांना उमगतं, कारण अशा बॉम्बमधून तयार होणाऱ्या किरणोत्सारी कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांच्या आसपास आहे. आणि मग साहित्याचा खरा प्रश्न विचारता येतो : या लेखकाला इतका सावकाश, इतका अटळ मृत्यू कशासाठी हवा होता? आकडेमोड केल्याशिवाय हा प्रश्न वर्गात निघतच नाही.

उलट बाजूनेही हे खरं आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१४ साली, म्हणजे अणूचं विखंडन (अणुकेंद्र फुटणं) सापडायच्या कितीतरी आधी, एका कादंबरीत ‘अणुबॉम्ब’ टाकले होते. लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने ती १९३२ मध्ये वाचली आणि पुढच्याच वर्षी त्याला शृंखला अभिक्रियेची, म्हणजे एका अणूतली अभिक्रिया पुढच्या अणूंत आपोआप पसरत जाण्याची, कल्पना सुचली. कादंबरी वाचली म्हणूनच सुचली, असं मी म्हणणार नाही. पण ती त्याच्या डोक्यात होती, हे त्याने स्वतः नोंदवलंय. जुलै १९४५ मध्ये याच माणसाने बॉम्बच्या वापराविरुद्ध अर्ज लिहून सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्या घेतल्या. आणि १९६१ साली त्याने स्वतःचा कथासंग्रह काढला. बाबांना झिलार्डबद्दल जरूर सांग. बॉम्बच्या मुळाशी असलेल्या माणसाला शेवटी कथा लिहाव्याशा वाटल्या, हे त्यांनाही विचारात पाडेल.

बाबांचं म्हणणं मात्र उडवून लावू नकोस. आज नऊ देशांकडे मिळून बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत आणि कुठल्याही कादंबरीमुळे त्यातलं एकही कमी झालं, असं सिद्ध करता येत नाही. मग साहित्याने होतं काय? जॉन हर्सी यांचा हिरोशिमावरचा वृत्तान्त ‘द न्यूयॉर्कर’च्या ३१ ऑगस्ट १९४६ च्या अंकात आला, तो अख्खा अंकच त्याला दिला होता. बॉम्बची ताकद, मृतांचे आकडे लोकांनी तोवर वाचलेले होते. हर्सींनी सहा माणसं घेतली. त्यातली एक कथिलाच्या कारखान्यातली कारकून. सव्वाआठला ती जागेवर बसून शेजारच्या मुलीशी बोलायला मान वळवते, आणि पुढच्या क्षणी मागची पुस्तकांची कपाटं तिच्या अंगावर कोसळून तिचा पाय चिरडतो. हर्सी इथे आवाज चढवत नाहीत. ‘भयानक’, ‘अमानुष’ अशा शब्दांची रास ओतत नाहीत. तुला शिकवायचं असेल तर हा थंडपणा मुलांना ओळ न् ओळ दाखवता आला पाहिजे, नाहीतर तास म्हणजे नुसतं हळहळणं होऊन बसतं.

माझी स्वतःची पसंती विचारशील तर मासुजी इबुसे यांच्या ‘ब्लॅक रेन’ या हिरोशिमावरच्या जपानी कादंबरीला. स्फोटाला काही वर्षं उलटल्यावरही भाचीचं लग्न जमत नाही, कारण तिला किरणोत्सर्गाची बाधा असल्याची कुजबुज आहे. ती निरोगी आहे हे मध्यस्थाला पटावं म्हणून मामा तिच्या त्या दिवसांतल्या डायरीची नक्कल करायला बसतो. आणि अडतो, कारण डायरीत तिच्या अंगावर पडलेल्या काळ्या, म्हणजे स्फोटानंतरच्या किरणोत्सारी पावसाची नोंद आहे. ती ठेवायची की गाळायची? अण्वस्त्रं म्हणजे ढग आणि धमाका एवढंच डोक्यात असलेल्या वर्गाला हा पेच लगेच समजतो.

एक सावधगिरी. अण्वस्त्रधारी देशात हा विषय राष्ट्राभिमानाला जाऊन भिडतो आणि शिक्षकाला ‘तुम्ही कुणाच्या बाजूचे?’ असा प्रश्न येतोच. ९ ऑगस्ट १९४५ नंतर युद्धात अण्वस्त्र वापरलं गेलं नाही, हे एकमेकांच्या अण्वस्त्रांच्या धाकामुळेच घडलं, असं मानणारे लोक मूर्ख नसतात. त्यांची बाजू तुला त्यांच्याइतकीच चांगली मांडता आली पाहिजे. त्यासाठी १९६८ चा अण्वस्त्र प्रसारबंदी करार आणि २०२१ पासून अमलात आलेला अण्वस्त्रबंदी करार मुळातून वाच. दोन्ही वाचायला फारसा वेळ लागत नाही. आणि शाळकरी मुलांना शिकवणार असशील तर त्यांना घाबरवून सोडू नकोस. घाबरलेलं मूल वाचत नाही.

मार्गांचं थोडक्यात. पदवीनंतर साहित्यात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. विज्ञानाच्या पदवीवर प्रवेश मिळतो का, पूर्वपरीक्षा लागते का, हे त्या त्या विद्यापीठाच्या नियमांत आत्ताच बघून ठेव. दुसरा रस्ता शांतता आणि निःशस्त्रीकरण अभ्यासाचा. तिथे जिनिव्हातली युनिडीर, स्टॉकहोममधली सिप्री अशा संशोधन संस्था आहेत आणि भौतिकशास्त्र कळणारा, शिवाय नीट लिहिणारा माणूस तिथे सहज सापडत नाही. शिकवण्यापेक्षा शोध घेण्याकडे तुझा कल निघाला, तर अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या व्हिएन्नातल्या संघटनेचं काम बघ. भूकंपलहरी, समुद्रातला ध्वनी, कानाला न ऐकू येणाऱ्या हवेतल्या लहरी आणि किरणोत्सारी कण, या चार मार्गांनी ती जगभर कान लावून बसलेली असते.

तिसरा रस्ता फारसा कुणी सुचवत नाही : जपानी शीक. अणुबॉम्ब झेललेल्यांचं लेखन मुळात जपानीत आहे. त्यातलं बरंच युद्धानंतर जपानवरच्या अमेरिकी ताब्याच्या काळात सेन्सॉरच्या कात्रीत सापडलं. हिरोशिमातून वाचलेल्या लेखिका ओता योको यांचं त्यावरचं पुस्तक १९४८ मध्ये काटछाट होऊनच आलं. मराठीत यातलं थेट जपानीतून आलेलं फार थोडं आहे. भाषा पक्की व्हायला काही वर्षं जातील, पण प्राध्यापकी मिळो न मिळो, भाषांतराचं काम तुझ्या हाताशी राहील.

या सुट्टीत एक कर. पाच-सहा जणांना जमवून चार बैठकांचं वाचन घे, त्यातली एक बैठक फळ्यासकट. बाबांनाही बोलाव. चौथ्या बैठकीलाही तुला पहिलीसारखाच हुरूप असेल, तर साहित्याच्या अर्जाला लाग. आणि त्या अर्जाच्या निबंधात जागतिक शांततेबद्दल एक शब्दही लिहू नकोस, ती सगळेच लिहितात. मामाच्या हातातलं ते डायरीचं पान घे आणि तू असतीस तर काय केलं असतंस, ते दोन पानांत लिही.