इंग्लंडच्या राजघराण्यातली मार्गारेट पोल शिरच्छेदाच्या वेळी खरंच पळत सुटली होती का? आठव्या हेन्रीने तिला का मारलं?

नाही, पळाली नव्हती. याच पळण्यावरून माझं आणि धाकट्या भावाचं वीस वर्षांपूर्वी बिनसलं, म्हणून लिहायला बसले.

आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. चर्चच्या सणाला एकांकिका व्हायची. त्या वर्षी मार्गारेटवर करायचं ठरलं. संहिता माझी, बसवली भावाने. शेवटचा प्रसंग मी सम्राट पाचव्या चार्ल्सचा लंडनमधला राजदूत चापुई याच्या पत्रावरून लिहिला होता. २७ मे १५४१ ची सकाळ, टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याच्या आवारात बुटका ठोकळा, दीडशेएक माणसं. तिने राजा, राणी, राजपुत्रासाठी प्रार्थना करायला सांगितलं आणि लाडक्या मेरीला, म्हणजे राजाच्या मुलीला, आशीर्वाद धाडला. नेहमीचा जल्लाद उत्तरेत गेलेला. कुऱ्हाड एका नवख्या पोराच्या हातात दिली आणि त्याने ६७ वर्षांच्या बाईच्या डोक्याखांद्याची खांडोळी केली.

प्रयोगाला भावाने मला न विचारता म्हातारीला ठोकळ्याभोवती पळवलं, पोरगा कुऱ्हाड घेऊन मागे. मंडपभर हशा. पहिल्या रांगेतली आमची आई उठून घरी गेली. रात्री भावाला एवढंच म्हणाली, "म्हातारी जिवाच्या भीतीने पळते, त्यात हसायचं काय रे?" तो अजून म्हणतो, लोकांना तेवढंच लक्षात राहतं. अरे, म्हणूनच घालायचं नाही! पळण्याच्या गोष्टीचं मूळ हर्बर्टने लिहिलेल्या हेन्रीच्या चरित्रात, आणि त्यातही ती पळत नाही, ठोकळ्यावर डोकं ठेवायला नकार देऊन मान इकडेतिकडे फिरवते; पळणं नंतरच्यांनी जोडलं. ते पुस्तकही छापलं १६४९ साली. शंभर वर्षांनंतर!

का मारलं, तर रक्तामुळे आणि मुलामुळे. ती चौथा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड यांची सख्खी पुतणी. गादीवर हक्क सांगू शकेल म्हणून तिच्या भावाला हेन्रीच्या बापाने १४९९ मध्येच संपवलं होतं. तिचा मुलगा रेजिनाल्ड इटलीत बसून राजाविरुद्ध लिहीत होता, १५३६ ला कार्डिनल झाला. तो हाती लागेना, मग घरच्यांना धरलं. थोरला मॉन्टेग्यू १५३९ च्या जानेवारीत गेला, सख्ख्या भावाच्या, जेफ्रीच्या जबानीवर. आईवर तर खटलाच चालवला नाही. संसदेत ठराव करून दोषी ठरवली. पुरावा काय, तर येशूच्या पाच जखमा, म्हणजे राजाविरुद्ध उठलेल्या बंडखोरांची खूण, भरतकामात काढलेला एक अंगरखा. माझं स्पष्ट मत: पुस्तक मुलाने लिहिलं, मान आईची गेली. तिची चौकशी करणाऱ्या सरदार साऊथॅम्प्टनने राजाचा मंत्री क्रॉमवेलला कळवलं होतं की ही बाई नव्हे, खंबीर पुरुषच आहे. अशी बाई पळेल?

चापुई राजाच्या बाजूचा नव्हता, हे लक्षात ठेवून त्याचं पत्र वाचा. १८८६ मध्ये पोपने तिला धन्य घोषित केलं, त्यामुळे माझ्याही लिहिण्यात भक्ती आली असेल. पण पळणं चापुईच्या पत्रात नाही.

संहिता अजून माझ्याकडे आहे. कुणाला बसवायची असेल तर देईन, शेवटचा प्रसंग आहे तसाच ठेवणार असाल तर. भावानेही मागितली तरी हीच अट.