आमचं चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू सारखं स्वतःचे पाय का चावतंय?

चार महिने म्हणजे दात बदलायचं वय. दुधाचे २८ पडतात, पक्के ४२ येतात. हिरड्या शिवशिवल्या की चप्पल, खाटेचा पाय, काहीच नाही तर स्वतःचा पाय! घटकाभर चावून सोडत असेल तर काळजी नको.

पण एकच पंजा धरून बसत असेल तर बोटांच्या बेचक्या फाकवून बघा. आमच्या पिल्लाला रंकाळ्याकाठी फिरवून आणलं, तर दोन दिवस पुढचा उजवा पंजाच कुरतडत होतं. मी आपला 'खोड आहे' म्हणत बसलो. शेवटी बॅटरीच्या उजेडात बघितलं, तर बेचकीत गवताचं कुसळ रुतलेलं.

चारही पाय चाटत असेल तर पिसवा, गोचीड किंवा ॲलर्जी. बारीक फणीनं केस विंचरून पडलेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. आपल्याकडच्या पावसात पंजे ओलेच राहतात, बेचकीत बुरशी धरते, आंबूस वास येतो. फिरून आल्यावर पाय धुवा आणि कोरडे पुसा. पुसणं जास्त महत्त्वाचं. फिनेलनं पुसलेल्या फरशीनंही पाय चुरचुरतात.

केस झडले, जखम झाली, लंगडायला लागलं तर थेट जनावरांच्या डॉक्टरकडे. घरातलं माणसांचं मलम लावू नका, ते चाटून पोटात जातं.