‘कर्फ्यू लागला’ की जमावबंदी?

प्रश्न : सणाच्या तोंडावर पेपरात ‘जळगाव जिल्ह्यात 37 (1) (3) लागू’ अशी बातमी येते आणि गावाकडे लगेच ‘कर्फ्यू लागना’ सुरू होते. कोणी 144 म्हणतो, कोणी जमावबंदी, कोणी मनाई आदेश. हे सगळे एकच का?

उत्तर : एकच नाही, आणि फरक फक्त शब्दाचा नाही. जमावबंदीत माणसांनी एकत्र जमायला मनाई असते. संचारबंदीत एकट्यानेही बाहेर फिरायला. जमावबंदी असताना तुम्ही फुले मार्केटला जाऊ शकता, दुकान उघडू शकता, रात्रीच्या गाडीने भुसावळला उतरून घरी येऊ शकता. संचारबंदीत यातले काहीच गृहीत धरता येत नाही. दवाखाना, दूध, रावेर-सावद्याहून निघालेला केळीचा ट्रक, ज्याला आदेशात सूट लिहिली असेल त्यालाच ती मिळते. कर्फ्यू म्हणजे संचारबंदी. जमावबंदीला कर्फ्यू म्हणणे चूकच.

राज्यघटनेतही हे दोन हक्क वेगवेगळे आहेत. अनुच्छेद 19 मध्ये शांततेने आणि शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचा हक्क एका उपखंडात आहे, देशभर मुक्तपणे संचार करण्याचा दुसऱ्या. कोणता शब्द वापरला यावरून कोणत्या हक्काला हात लागला ते कळते. दोन्हींवर वाजवी निर्बंध घालता येतात, पण एकावर घातलेला निर्बंध दुसऱ्यावर आपोआप येत नाही.

‘144’ हे तर बंदीचे नावच नाही, कलमाचा आकडा आहे, आणि तोही आता जुना. फौजदारी प्रक्रिया संहितेतले ते कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 163 झाले. त्या एकाच कलमाखाली दंडाधिकारी जमावबंदीही लावू शकतो आणि संचारबंदीही. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने दोन्ही पाहिले : 22 तारखेला 144 खाली जमावबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी संचारबंदी. त्यामुळे ‘144 लागले’ एवढ्याने नेमके काय बंद आहे ते कळत नाही. कलमाच्या मजकुरात माणसांचा आकडाही नाही. ‘पाच किंवा अधिक’ हे आदेशात लिहिलेले असते. बेकायदेशीर जमावाच्या व्याख्येत पाच हा आकडा आहे, पण तिथे त्या पाचांचा ठरावीक प्रकारचा समान उद्देशही लागतो. टपरीवर चहा पिणारे पाच जण त्या व्याख्येत बसत नाहीत. आदेश लागू असताना मात्र नुसते जमणेही त्याच्या कक्षेत येऊ शकते.

तुमच्या पेपरातले 37 हे वेगळ्याच कायद्यातले, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधले. 37 (1) हे शस्त्रे, लाठ्या, दगड, स्फोटके जवळ बाळगणे, प्रतिमांचे प्रदर्शन, चिथावणीच्या घोषणा यांच्याबद्दल आहे. जमाव आणि मिरवणूक येते ती 37 (3) मध्ये. बातमीत नुसते 37 (1) असेल तर ती जमावबंदी नव्हे. दोन्हींना मिळून ‘मनाई आदेश’ म्हणावे, ते अचूक आहे. आयुक्तालय असलेल्या शहरात हा आदेश पोलीस आयुक्त काढतात. जळगाव, धुळे, नंदुरबारला आयुक्तालय नाही, म्हणून तो जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून निघतो.

37 (3) चा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून पंधरवड्याला नवा निघतो. 163 च्या आदेशाची मुदत दोन महिने; त्यापुढे राज्य सरकार जास्तीत जास्त सहा महिने वाढवू शकते. अफवा पसरून दगडफेक होऊ शकते, आणि अशा वेळी प्रशासनाच्या हाती असे काही साधन हवेच. पण एक आदेश संपला की दुसरा निघत राहिला तर कागदावर जमावबंदी बारमाही होते आणि कलेक्टर कचेरीपुढचे साधे धरणेही परवानगीवर येऊन ठेपते. सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 च्या अनुराधा भसीन निकालात 144 बाबत हेच बजावले : मतप्रदर्शन दाबण्यासाठी हे कलम वापरता येत नाही, आदेश प्रसिद्ध करावे लागतात, आणि तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर ठरतो.

म्हणून बातमीच्या मथळ्यावर जाऊ नका, आदेश वाचा. वरती कलम असते, मग हद्द : पूर्ण जिल्हा, तालुका की एखाद्या पोलीस ठाण्याचा भाग. मग मुदत, बहुधा ‘00.01 वाजेपासून 24.00 वाजेपर्यंत’ अशी. शेवटी सूट. मनाई आदेशात बहुतेक वेळा अंत्ययात्रा, लग्न, शासकीय काम यांना सूट असते आणि मिरवणुकीला परवानगीची वाट ठेवलेली असते. कानबाईच्या विसर्जनाची मिरवणूक ‘कर्फ्यू आहे’ म्हणून परस्पर रद्द करण्याआधी ही शेवटची ओळ बघावी. शब्द सैल वापरला की आदेशाने जे काढून घेतलेले नसते तेही लोक आपण होऊन सोडून देतात, आणि मला सर्वात जास्त खटकते ते हेच.

हद्दपारीचा यात घोळ करू नये. ती सगळ्यांना नाही, ठरावीक व्यक्तीला किंवा टोळीला असते, जास्तीत जास्त दोन वर्षे. आधी नोटीस देऊन म्हणणे ऐकावे लागते आणि 30 दिवसांत सरकारकडे अपील करता येते. तडीपार हा त्याचा बोलीतला शब्द.

राहिली क्रियापदे. संचारबंदी लावतात, काही तासांसाठी शिथिल करतात, मग उठवतात. जमावबंदी लोक मोडतात. ‘पुकारतात’ तो बंद किंवा संप. सरकार संचारबंदी पुकारत नाही, आणि कोणी पुकारलेल्या बंदच्या दिवशी घराबाहेर पडायला कायद्याची आडकाठी नसते.