रात्रपाळीला कोण आहे?

गेल्या दोन-तीन वर्षांत एक प्रश्न गोव्यात फोंड्याच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या जणांनी विचारला आहे, की आता माणूस खुर्चीत बसायच्या आधीच मला तो ऐकू येतो. ‘मॅडम, हृदयाची प्रोसिजर झाली, सगळं व्यवस्थित झालं म्हणाले. तरी मधूनच धडधडतं. म्हणजे फेल गेली का?’ दुखणं बहुतेकांचं एकच. हृदयाच्या ठोक्यांची लय सुटते, डॉक्टर ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते, आणि त्यावर केलेलं अ‍ॅब्लेशन, म्हणजे नळी घालून हृदयात आतून डाग देण्याचा इलाज. नळी निघून गेली, जखम भरली, भीती मात्र घरीच राहिली.

उत्तर म्हणून एकाचीच हकिकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळखीचे तपशील बदलले आहेत. नोकरी मात्र खरी ठेवली आहे, ती काढली तर सांगण्यासारखं काही उरत नाही. मी त्यांना भाऊ म्हणत असे, इथेही तेच म्हणते.

भाऊ सत्तरी तालुक्यातले. वय साठीच्या पुढे, सगळी उमर वीज खात्यात लाइनमन म्हणून गेलेली. मे महिन्यात अ‍ॅब्लेशन झालं आणि जूनच्या शेवटी, भर पावसात, बायको त्यांना घेऊन आली. ते बसले आणि उजव्या हाताची दोन बोटं आपोआप डाव्या मनगटावर गेली. त्याच मनगटावर मुलाने दुबईहून पाठवलेलं घड्याळ, ठोके मोजणारं. मी त्यांच्याशी बोलत होते आणि ते घड्याळाशी.

अशा माणसाच्या डॉक्टरांचा कागद पाहिल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. ‘मनाचे खेळ आहेत हो’ हे वाक्य माझ्या खोलीत चालत नाही. हृदय खरं आहे, त्यावरचे डागही खरे आहेत. कागद नीट होता. ईसीजी लयीत, जखम कोरडी, गोळ्या चालू.

‘डॉक्टर म्हणाले, तुमच्या हृदयात वायरिंगचा फॉल्ट आहे,’ भाऊ म्हणाले. ‘मी म्हटलं, डॉक्टर, वायरिंग मला शिकवू नका.’

आणि मग त्यांनीच मला प्रोसिजर समजावली, खांबावरून उतरलेला माणूस साहेबाला रिपोर्ट देतो त्या सुरात. जांघेतल्या शिरेतून नळी आत घातली, ती हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यापर्यंत नेली. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा जिथे त्या कप्प्यात उघडतात, तिथून भलतेच सिग्नल निघत होते. त्या तोंडांभोवती डाग दिले, म्हणजे सिग्नल तिथेच अडला. नंतर काही तास पाय न हलवता पडून राहायचं, जांघ काळी-निळी होते ती हळूहळू उतरते. एक अक्षर चुकलं नाही. चुकलं ते पुढच्या वाक्यात: ‘आता परत होताच कामा नये.’

त्यांना ज्याने झोपेतून उठवलं होतं, ती गोष्ट साधी होती. आधी त्यांची नाडी बसल्या जागी सत्तरच्या आसपास असे, आता ती पंच्याऐंशी दिसायची. त्यात मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा, एकदा तर दहा मिनिटं धडधड. त्यांनी निकाल लावून टाकला होता. वास्तविक अ‍ॅब्लेशननंतर बसल्या जागीची नाडी थोडी वाढलेली राहणं पुष्कळांत दिसतं, कारण हृदयाला सावकाश चालवणाऱ्या काही मज्जातंतूंनाही तिथे धक्का लागतो. आणि ताज्या डागांभोवती सूज असते, ती उतरेपर्यंत लय मधूनच डगमगते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतल्या धडधडीवरून डॉक्टर यशापयश ठरवत नाहीत. पूर्वी तीन महिने धरत, अलीकडे तज्ज्ञ आठ आठवडे धरू लागले आहेत. हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी दोनदा सांगितलं. कागदावर लिहून दिलं.

आणि इथे माझी चूक कबूल करते. पहिल्या दोन भेटी मी धीर देण्यात घालवल्या. माझा धीर साधारण खांडेपारच्या पुलापर्यंत टिकत असे. वाळपईला पोचायच्या आत फोन: ‘मॅडम, आता ब्याण्णव दाखवतोय.’ धीर मागणाऱ्याला धीर देत राहिलं की त्याची भूक वाढते, हे मी शिकवते, आणि तरी मीच तो ताटात वाढत होते.

तिसऱ्या भेटीला म्हटलं, नाडी कधी कधी बघता ते लिहून आणा. त्यांनी वही आणली. रेघा मारलेल्या, रकाने पाडलेले. तारीख, वेळ, रीडिंग, शेरा. सबस्टेशनमध्ये लॉगबुक ठेवतात तशी हुबेहूब. तासातासाची नोंद. मी पान उलटलं. रात्री एक. दोन. तीन. पावणेचार, शेरा: ‘ठीक’.

‘भाऊ, रात्रपाळीला कोण आहे?’

‘मीच.’

‘आणि दिवसाला?’

‘मीच की.’

‘रिलीव्हर? पाळी बदलून घ्यायला येणारा?’

ते काही बोलले नाहीत. बाहेर पाऊस पत्र्यावर नुसता बडवत होता. मी गप्प राहिले. गप्प राहणं हे माझ्या कामातलं सगळ्यात महाग कौशल्य आहे, आणि ते मला तिशीत अजिबात जमत नव्हतं.

‘पावसात फीडर गेला,’ मी थोड्या वेळाने विचारलं, ‘तुम्ही दुरुस्त केलात, लाइट आली. मग काय करायचात?’

‘घरी यायचो. आंघोळ, जेवण, झोप.’

‘रात्रभर खांबाखाली उभे नाही राहिलात कधी? परत गेली तर?’

‘परत गेली तर फोन येतो. जाऊन बघायचं. फांदी लागून ट्रिप झाली असेल तर लाइन चार्ज करून बघतो, राहिली तर राहिली. दर ट्रिपला तार तुटलेली नसते, मॅडम.’

‘बरं. आणि गावाला गॅरंटी दिली होती का, की लाइट परत जाणार नाही?’

‘सत्तरीत? पावसात?’ भाऊ हसायलाच लागले. त्या खोलीत पहिल्यांदाच. ‘लोक वेड्यात काढतील!’

मग हसता हसता थांबले. बोटं मनगटावरून उठली आणि वहीवर आली. मीही काही बोलले नाही, कारण पुढचं वाक्य त्यांचं होतं. ते आलं. ‘म्हणजे मी ह्याच्याकडे गॅरंटी मागतोय.’ ‘ह्याच्याकडे’ म्हणताना त्यांनी छातीकडे बोट दाखवलं.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची माणूस आहे, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा विचार माणसाला जास्त छळतो असं मानणारी, आणि ते लपवतही नाही. माझ्या मते भाऊंना जागं ठेवत होती ती धडधड नव्हे, ‘परत होताच कामा नये’ ही मागणी. परत होऊ नये ही इच्छा रास्तच आहे. पण इच्छेची मागणी झाली की प्रत्येक चुकलेला ठोका करार मोडल्यासारखा वाटतो. काहींची लय खरोखर परत सुटते, काहींना दुसऱ्यांदा अ‍ॅब्लेशन लागतं. हे मी झाकून ठेवत नाही. ‘काही होणार नाही’ असं सांगणारा समुपदेशक पहिल्याच ट्रिपला खोटा पडतो. ‘झालं तर काय करायचं ते ठरलेलं आहे’, माणसाला झोप लागते ती यावर.

मग ठरवायला बसलो. बघायचं बंद करा असं मी कधीच म्हणत नाही, लाइनमनला तर नाहीच. पेट्रोलिंग असतंच, फक्त ते ठरल्या वेळी असतं. सकाळी उठल्यावर पाच मिनिटं शांत बसून पूर्ण एक मिनिट नाडी, वहीत एक ओळ, बस्स. घड्याळ रात्री कपाटात. धडधड आली तर बसायचं, सुरू झाल्याची वेळ लिहायची, संपल्याची लिहायची. किती ठोक्यांवर आणि किती वेळ चालली तर फोन करायचा, हे मी ठरवलं नाही. डॉक्टरांकडून लिहून आणायला लावलं. ज्यांची प्रोसिजर झाली आहे त्यांनी हा कागद जरूर मागून घ्यावा. अर्धी भीती त्या एका कागदाने ओसरते.

काही गोष्टींत मात्र वहीबिही नाही. छातीत कळ, दम लागणं, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, हात किंवा बोलणं लुळं पडणं, जांघेत वाढती गाठ किंवा न थांबणारं रक्त, यात वाट बघायची नाही, १०८ ला फोन. आणि अ‍ॅब्लेशननंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप आला किंवा गिळताना दुखलं, तर घसा बसला असेल म्हणून काढा पीत बसू नका. त्यामागे प्रोसिजरची गुंतागुंत असू शकते; ती क्वचितच होते, पण गंभीर असते. त्याच दिवशी अ‍ॅब्लेशन केलेल्या डॉक्टरांना कळवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दलही तेच. बरं वाटतंय म्हणून ती कोणी सोडायची नाही, कारण ती पुढे किती दिवस घ्यायची हे धडधडीवर नाही तर वय, रक्तदाब, मधुमेह अशा गोष्टींवर ठरतं. फेणीबद्दल भाऊंनी विचारलंच, हळूच, बायको बाहेर गेल्यावर. दारूने लय सुटते, हे मीही हळूच सांगितलं.

जुलैच्या शेवटी, डॉक्टरांना विचारून, आम्ही माझ्या इमारतीचे दोन जिने चढलो. भाऊंनी मे महिन्यापासून जिना टाळला होता. वर पोचलो तेव्हा छाती धडधडत होती, त्यांचीही आणि माझीही. ‘ही कसली ट्रिप?’ मी विचारलं. ‘ही ट्रिप नाही,’ ते म्हणाले, ‘हा लोड.’ ते वाक्य मी नंतर कितीतरी जणांना दिलं आहे, त्यांचं नाव न सांगता.

गणेश चवथीला त्यांनी स्टुलावर चढून स्वतः माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधली. दुसऱ्या दिवशी आरतीत, घुमट वाद्याच्या जोरात, लय सुटली. वीस मिनिटं. ते बाहेर सोप्यावर बसले, वेळ लिहिली, ती संपल्याची वेळ लिहिली, आणि प्रोसिजर होऊन तीन महिने उलटले होते म्हणून कागदाप्रमाणे डॉक्टरांना कळवलं. डॉक्टरांनी होल्टर, म्हणजे ठोक्यांची सलग नोंद ठेवणारं यंत्र, लावायला सांगितलं. मला फोन आला तो दोन दिवसांनी, तोही मुख्यतः मोदक पाठवतो हे सांगायला. मला त्या उशिराचा किती आनंद झाला, ते मी त्यांना सांगितलं नाही.

ऑक्टोबरमध्ये दोघं भेटायला आली. भाऊंचा चेहरा भरला होता. वहीत रोज एकच ओळ, काही दिवशी तीही नाही. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. निघताना भाऊ छत्री घ्यायला पुढे झाले, तशी बायको दारात थांबली.

‘हे आता घोरतात मॅडम, चांगले. मीच जागी असते. दोन-तीनदा उठून छातीवर हात ठेवून बघते.’

जूनपासून ती त्या दुसऱ्या खुर्चीत बसत होती आणि मी तिला एक प्रश्न विचारला नव्हता. भाऊंना रिलीव्हर मिळाला होता, तो कोण हे मी बघितलंच नव्हतं. घोरण्याचं डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगितलं, झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानेही लय बिघडते. मग डायरी उघडून पुढच्या मंगळवारची वेळ लिहिली, तिच्या नावाने.