वाढीव वॉरंटी घ्यावी का?

नव्या गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशी पेढे, हार आणि फोटोच्या गडबडीत सेल्समन हा कागद हळूच पुढे सरकवतो. तिथे सही करू नकोस. बहुतेक कंपन्यांची वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत घेता येते. फार उशीर केला की दर चढतो, एवढंच.

गाडी किती वर्षं ठेवणार ते आधी ठरव. मूळ वॉरंटी ३ वर्षांची आणि तेवढ्यात विकायची असेल तर कशाला? साधं पेट्रोल इंजिन, हाताचे गिअर, महिन्याला ४०० किलोमीटर, तर मीही घेणार नाही. पण टर्बो, ऑटोमॅटिक, सनरूफ असं सगळं असेल तर घेऊन टाक. माझ्या आधीच्या गाडीचं इलेक्ट्रिक स्टीअरिंग पाचव्या वर्षी ऐन घाटात दगडासारखं जड झालं. अख्खं युनिट बदललं, खिशातून रुपया गेला नाही.

क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर यात धरत नाहीत, तेव्हा काय मिळणार नाही ते पान वाच. सर्व्हिस वेळेवर, तीही अधिकृत ठिकाणीच. आणि बाहेर वायर कापून मोठा हॉर्न बसवलास, तर इलेक्ट्रिकलचा क्लेम गेलाच समज.